दार बंद होत आहे

थोरलीचं कामाचं ठिकाण पाचव्या मजल्यावर होतं, इमारतीला चांगली ऐसपैस लिफ्ट होती, आणि तरीही थोरली रोज जिन्यानं चढून जायची. तब्येतीसाठी म्हणाल तर तसं काही नव्हतं. तिचे गुडघे तिसऱ्या मजल्यावरच कुरकुरायला लागायचे, चौथ्यावर उघड बंड करायचे, आणि पाचव्यावर ती दारात उगवली की कुणीतरी मुकाट्यानं खुर्ची पुढे सरकवायचं. एवढा खटाटोप करण्याचं कारण एकच. लिफ्टमध्ये धाकटी बोलायची.

धाकटी म्हणजे तिची जुळी बहीण, पाव तासानं लहान, आणि आवाज देणं हा तिचा धंदा. लिफ्ट, बँका, गॅसवाले, विजेची कंपनी, जिथे जिथे माणसाऐवजी यंत्र बोलतं तिथे बहुतेक ठिकाणी धाकटीच बोलायची. थोरलीनं बहिणीशी अबोला धरल्याला एक तप होत आलं होतं, पण बहीण काही तिच्याशी बोलायची थांबली नव्हती. बँकेत फोन लावावा तर पलीकडून साखर पेरल्यासारखा आवाज यायचा, "आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात."

"हो का," थोरली म्हणायची. "बाबांच्या पंचाहत्तरीला हे आठवलं नाही वाटतं."

"आपण निवडलेला पर्याय चुकीचा आहे," धाकटी म्हणायची. थोरली फोन आपटायची आणि बँकेचं काम राहून जायचं.

नवऱ्याची तर वेगळीच तऱ्हा. जुळ्यांचा चेहरा एक वेळ वयानुसार वेगळा होत जातो, आवाज मात्र या दोघींचा अगदी एकाच घशातून निघाल्यासारखा होता. त्यामुळे बँकेचा फोन लागला की नवरा आपोआप मान खाली घालून ऐकायचा आणि सांगितलेला आकडा निमूटपणे दाबायचा. "आवाज तुझाच की," तो म्हणायचा. "फक्त ती कृपया म्हणते."

पण बँक परवडली. लिफ्टमधलं ते एक वाक्य थोरलीच्या काळजात घुसायचं. दार बंद होत आहे. दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं तर तिनं चालवून घेतलं असतं. धाकटीनं ते म्हणावं, आणि तेही इतक्या थंडपणे, हा शुद्ध निगरगट्टपणा होता. कारण लहानपणी धाकटीनंच तिला काळ्या खोलीत कोंडलं होतं.

काळी खोली म्हणजे बाबांच्या फोटो स्टुडिओच्या मागची पत्र्याची खोली. बाबा तिथे फोटो धुवायचे. उजेडाचा कवडसाही आत यायला नको म्हणून सगळीकडे काळे पडदे, आणि दार आपोआप मिटावं म्हणून त्याला दोरीनं वाळूची पिशवी टांगलेली. मुलींना तिथे जायची सक्त मनाई होती, त्यामुळे लपाछपी खेळताना लपायला त्याहून उत्तम जागा दुसरी नव्हती. त्या दिवशी आत्येभावावर राज्य होतं. तो भिंतीकडे तोंड करून आकडे मोजत होता, आणि सात वर्षांची थोरली गुपचूप जाऊन काळ्या खोलीतल्या टेबलाखाली बसली होती.

पुढचं सगळं तिला जसंच्या तसं आठवत होतं. बराच वेळ कुणी आलं नाही. आत्येभाऊ खेळ सोडून घरी जेवायला गेला होता, हे नंतर कळलं. थोरली उठली, दार ढकललं, दार हललं नाही. तिनं दोन्ही हातांनी ढकललं, लाथा मारल्या. "दार उघड," ती ओरडली. तर बाहेरून धाकटी तिची नक्कल करत ओरडली, "दार उघड." "मी बाबांना नाव सांगीन," थोरली म्हणाली. बाहेरून लगेच, "मी बाबांना नाव सांगीन." मग अंधारात चाचपडताना थोरलीचा पाय रसायनाच्या टबात गेला, आणि तोल सावरायला तिनं जे हाती लागेल ते धरलं तर ते उंदराचं शेपूट निघालं. लांब, मऊ, जाड, आणि जिवंत. ते तिच्या मुठीतून हिसडा मारून निसटलं. त्यानंतर एकदम उजेड पडला, तिचे डोळे दिपले, आणि डोळे उघडून बघते तर दारात समोर कोण, धाकटी.

आरडाओरडा ऐकून दार उघडणाऱ्या बाबांचं लक्ष मुलींकडे नव्हतंच. कुणाच्या तरी लग्नाचे सगळे फोटो त्या उजेडानं काळे पडले होते. त्यांनी दोघींना एकेक धपाटा घातला आणि ते कागद वाचवायला आत धावले. कोंडणारीला एक आणि कोंडलेलीलाही एक, हा न्याय थोरलीला तेव्हाही पटला नव्हता. "हिनं मला कोंडलं," दोघी एकदमच ओरडल्या. आई म्हणाली, "विषय बंद," आणि त्या घरात आईनं बंद केलेला विषय पुन्हा उघडायची कुणाची छाती नव्हती.

तो उघडला बाबांच्या पंचाहत्तरीला, तोवर आई गेलेली होती. जेवणं झाल्यावर सगळे नातेवाईक सुस्तावून बसलेले असताना धाकटीनं आपल्या त्या रेशमी आवाजात गोष्ट सांगायला घेतली. लहानपणी एकदा काळ्या खोलीत लपले होते, म्हणाली. ताईनं मला कोंडलं आणि बाहेरून माझ्या नकला केल्या, म्हणाली. वर तिखटमीठ लावलं की अंधारात भुतानं तिची वेणी ओढली. लोक पोट धरून हसले. थोरली ताडकन उठली आणि म्हणाली, "ती गोष्ट माझी आहे." आधी कोंडायचं आणि मग कोंडल्याचं दुःखसुद्धा पळवायचं, म्हणजे चोरानं चोरी करून वर घरमालकासारखं रडत बसायचं. शब्दानं शब्द वाढला. बाबा म्हातारे, कानानं अधू. त्यांना वाटलं दोघी आपल्याबद्दल काही छान बोलताहेत, ते सगळा वेळ हसून मान डोलावत होते. दोघी बहिणी त्या घरातून बाहेर पडल्या त्या वेगवेगळ्या दारांनी. पुढे बाबाही गेले, आणि बंद विषयाला कुलूपच बसलं.

आपण खरं बोलतोय याचा पुरावा थोरलीकडे होता. ती आजही दिवा लावूनच झोपायची. तिचा नवरा लग्न झाल्यापासून डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपत आला होता.

थोरली कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे. ती त्यात प्लॅस्टर ओतून साचे करायची, मेणात दात बसवायची, कुणाच्या हिरड्या किती गुलाबी ते ठरवायची. तिच्या टेबलावर कायम जबड्यांची रांग लागलेली असायची, आणि काम करता करता ती त्यांना आपली बाजू ऐकवायची. साच्यांची तोंडं उघडी असतात पण ते उलटून बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण होता. उंदराच्या शेपटापर्यंत ती रंगात आलेली असतानाच एका दुपारी दारात धाकटीची मुलगी उभी राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "मी आलेय हे आईला माहीत नाही."

थोरलीनं हातातला खालचा जबडा बाजूला ठेवला. भाचीला ती शेवटची भेटली तेव्हा भाचीचे दुधाचे दात पडत होते. आता नोकरी करणारी बाई समोर उभी होती, आणि पुढचे दोन दात किंचित वाकडे आले होते. तेवढं बघून घ्यायचा मोह तिला आवरला नाही. धंद्याची सवय.

"बस. काय झालंय?"

भाचीनं सांगितलं ते असं. आईच्या घशात गाठ झाली होती. गाठ साधीच निघाली, ती काढलीही, पण आवाजाच्या पडद्यावरून काढलेली. डॉक्टरांनी बोलायला, कुजबुजायला, हसायलासुद्धा बंदी घातली होती. आवाज परत येईल का, आणि आला तर कसा येईल, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. त्यात एका नव्या इस्पितळाचं काम अर्ध्यावर अडकलेलं. लिफ्टची आणि मजल्यांची वाक्यं राहिली होती. ती वेळेत गेली नाहीत तर कंपनी संगणकावर बनवलेला आवाज घेणार होती, आणि एकदा तो फुकटात राबणारा आवाज आत शिरला की धाकटीला पुन्हा कोण बोलावणार.

"कंपनीला मी सगळं खरं सांगितलंय," भाची म्हणाली. "त्यांना चालतंय. फक्त आवाज जुळायला हवा. आणि तो जगात एकाच माणसाचा जुळतो."

"मला जमायचं नाही," थोरली म्हणाली. "मी कवळ्यांची बाई. आणि तुझ्या आईला सांग..." आणि तिनं बाजूला ठेवलेला जबडा पुन्हा हातात घेतला.

भाची गेली. संध्याकाळी थोरली कामावरून निघाली आणि का कोण जाणे, जिन्याऐवजी लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली. आत दुसरं कुणी नव्हतं. "दार बंद होत आहे," धाकटी म्हणाली. थोरलीनं पहिल्यांदाच ते वाक्य भांडायच्या तयारीशिवाय ऐकलं. त्यातला तो शेवटाकडे थोडा खाली उतरणारा सूर आईचा होता. आई झोपवताना असाच सूर लावायची. ही बाई पुन्हा कधी बोलली नाही तर तिचं उरणार ते एवढंच, चार वाक्यं आणि मजल्यांचे आकडे. थोरलीला भीती वाटली. काळ्या खोलीत वाटली होती तशीच. तिनं पुन्हा पाचव्याचं बटण दाबलं, वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. पहारेकऱ्यानं शेवटी विचारलं, "बाई, काही राहिलंय का?"

"हो," थोरली म्हणाली, आणि घरी जाऊन तिनं भाचीला फोन केला.

अर्थात थोरली काही संत नव्हती. रात्रभर अंथरुणात पडल्या पडल्या तिच्या लक्षात येत गेलं की ही संधी सोन्यासारखी आहे. धाकटीला बोलायची बंदी होती. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा थोरलीला आपलं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये कुणी न तोडता, मांडता येणार होतं. तिनं मुद्दे तयार केले. आरशासमोर एकदा म्हणूनही बघितले. नवऱ्यानं टॉवेलाखालून विचारलं, "बँकेचा फोन आहे का?"

रेकॉर्डिंगचा स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. धाकटी आधीच येऊन बसली होती. गळ्याला मफलर, मांडीवर लहान मुलांची पाटी, हातात खडू, आणि खांद्यावरून पुढे आलेली तीच जाडजूड वेणी, आता निम्मी पांढरी. थोरलीला बघून ती उठली, तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. मग पाटीवर लिहिलं, "बारीक झालीस."

"जिने चढते रोज," थोरली म्हणाली. "तुझ्या कृपेनं."

रेकॉर्डिस्ट आपल्या यंत्रांत डोकं घालून बसला होता. त्यानं तो आवाज ऐकला, दचकून धाकटीकडे वळला आणि म्हणाला, "मॅडम, बोलू नका म्हटलंय ना डॉक्टरांनी." धाकटीनं खडूनं थोरलीकडे बोट दाखवलं. त्यानं एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि तो पाणी प्यायला.

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे कोंदट, जाड गाद्या लावलेली एक पेटीच. बाहेर रेकॉर्डिस्ट, आत माइक, मध्ये काच. आत एक टेबललॅम्प जळत होता. "हा मॅडमचा," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "सगळे कलाकार अंधार करून म्हणतात, आवाज चांगला लागतो. मॅडम दिव्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत." थोरलीनं ते ऐकलं आणि तिला थोडा रागच आला. दिव्याची सवयसुद्धा हिनं उचलली म्हणजे.

"आणि दार आत उघडतं बरं का, ताई. बाहेर येताना ढकलू नका, ओढा. सगळे नवे लोक ढकलत बसतात."

थोरलीनं कानांना हेडफोन लावले, घसा साफ केला आणि म्हणाली, "दार बंद होत आहे."

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टचा चेहरा पडला. "ताई, आवाज झकास आहे. पण तुम्ही धमकी देताय. पेशंट जिन्यानं जातील."

तिनं पुन्हा म्हटलं. आता ते शाळेतल्या बाईंनी वर्गाला सांगितल्यासारखं झालं. पुन्हा म्हटलं, तर रडकुंडीला आल्यासारखं. दुसरा मजला, हाडांचा विभाग, हे तिनं असं काही उच्चारलं की ऐकणाऱ्याची धडधाकट हाडंही मोडावीत. काचेतून दोघं टक लावून बघत असल्यानं ती आणखीच अवघडली. "तो पडदा ओढा," ती म्हणाली. "कुणी बघत असलं की मला सुधरत नाही." रेकॉर्डिस्टनं काचेवरचा पडदा ओढला.

मग दार उघडून धाकटी आत आली. दार तिच्यामागे आपल्या वजनानं हळूच मिटलं. तिनं पाटीवर काहीच लिहिलं नाही. समोर उभी राहून तिनं नुसता हात वर केला, श्वास कुठे घ्यायचा ते दाखवलं, आणि वाक्य जसजसं पुढे जाईल तसा हात अलगद खाली आणला, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. थोरलीनं त्या हाताकडे बघत म्हटलं, "दार बंद होत आहे." बरोबर आलं. इतकं बरोबर की दोघींच्याही अंगावर काटा आला.

"वा," रेकॉर्डिस्टचा आवाज कानात आला. "फक्त तुमचाच आवाज तुम्हाला कानात जरा उशिरा ऐकू येत असेल. वायरचा घोळ आहे, थांबा, बघतो."

दोघी एकट्या उरल्या. हीच ती वेळ, थोरलीच्या मनानं सांगितलं. तिनं कंबरेवर हात ठेवले, मुद्दे आठवले, आणि सुरुवात करायला म्हणून ऐटीत एक पाऊल पुढे टाकलं. ते पाऊल टेबललॅम्पच्या वायरीत अडकलं. प्लग निघाला आणि मिट्ट काळोख झाला.

मुद्दे कुठल्या कुठे पळाले. पन्नाशी उलटलेली, अख्ख्या गावाचे जबडे हाताळलेली बाई एका क्षणात सात वर्षांची झाली. ती अंदाजानं दाराकडे धावली आणि दोन्ही हातांनी दार ढकलायला लागली. दार हललं नाही. "दार उघड," ती ओरडली. आणि तिच्या कानात, थोडं मागून, तिचीच नक्कल करत कुणीतरी ओरडलं, "दार उघड."

तोच आवाज. तीच नक्कल. थोरलीच्या डोक्यात संतापाची तिडीक उठली. म्हणजे आजही. घसा कापलाय, बोलायची बंदी आहे, तरी ही बाहेर उभी राहून वेडावतेय. "मी सांगीन हं," ती ओरडली, आणि कानातलं भूत म्हणालं, "मी सांगीन हं." तेवढ्यात तिचा पाय माइकच्या स्टँडला अडखळला, तोल गेला, आणि तिनं हाती लागेल ते घट्ट धरलं.

लांब, मऊ, जाड, आणि जिवंत.

उंदराच्या शेपटानं हिसडा मारला. थोरलीनं किंकाळी फोडली, पण या वेळी सोडलं नाही. भीतीनं मूठ आवळली गेली होती, उघडायचं म्हटलं तरी उघडेना. तेवढ्यात बाहेरून रेकॉर्डिस्टनं दार जोरात आत ढकललं, दोघी त्या धक्क्यानं मागे हेलपाटल्या, आणि भक्कन उजेड आला. रेकॉर्डिस्टनं दोघींकडे ढुंकूनही बघितलं नाही. "माइक, माझा माइक," म्हणत तो आडव्या पडलेल्या स्टँडकडे धावला.

थोरलीनं डोळे चोळले. समोर धाकटी उभी होती, दिपलेल्या डोळ्यांनी तिच्याकडेच बघत. आणि थोरलीच्या मुठीत धाकटीची वेणी होती.

तिनं ती वेणी उलटसुलट करून बघितली. हेडफोन गळ्यात लोंबत होते.

"तू," थोरली म्हणाली, "तू आत होतीस. आत्ता. बाहेर नव्हतीस."

धाकटीनं होकारार्थी मान हलवली. ती दातांनी ओठ चावत होती.

"मग कानात कोण ओरडत होतं?"

"तुम्हीच, ताई," रेकॉर्डिस्ट माइक पुसत म्हणाला. "उशिरा येतोय म्हटलं नव्हतं का. आणि ढकलताय काय दार. ओढा म्हणून सांगितलं होतं."

थोरली मटकन खुर्चीत बसली. वेणी हातात असल्यानं धाकटीलाही वाकावं लागलं. बाबांच्या काळ्या खोलीचं दार थोरलीच्या डोळ्यांपुढे आलं. ते आतच उघडायचं. बाबा बाहेर येताना वरच्या मुठीला धरून ते आत ओढायचे. सात वर्षांच्या पोरीचा हात त्या मुठीपर्यंत पोहोचणं शक्यच नव्हतं, त्यामुळे ती बिचारी ढकलत बसणार. त्या बिचाऱ्या दोघी असतील, हे मात्र एवढ्या वर्षांत कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"त्या दिवशी तू कुठे लपली होतीस?" तिनं विचारलं.

धाकटीनं पाटी घेतली. तिनं लिहिलं, "पडद्यामागे. तुझ्या आधी."

"मी टेबलाखाली होते. माझा पाय टबात गेला होता."

"छपकन आवाज आला," धाकटीनं लिहिलं. "मला वाटलं बाहेर पाणी ओततेस आणि मजा बघतेस." तिनं ते पुसलं आणि भराभर लिहिलं, "माझी वेणी कुणी ओढली मग?"

थोरलीनं हातातली वेणी वर केली. लोकांना हसवायला लावलेलं तिखटमीठ म्हणून तिनं ज्याला उडवून लावलं होतं, ते भूत ती स्वतःच होती. आणि तिचा तो उंदीर, ज्याच्या धसक्यानं तिनं आयुष्यभर नवऱ्याला उजेडात झोपवलं, तो आत्ता तिच्यासमोर मफलर गुंडाळून उभा होता. आवाज एकच, शब्द एकच, खोली पत्र्याची. एकजण दार उघड म्हणून रडत होती आणि दुसरीला ती वेडावल्यासारखी वाटत होती. हात लांब केला असता तर हाताला हात लागला असता. लागलाही होता, पण दोघींनी किंचाळून सोडवून घेतला.

"आपल्याला कुणी कोंडलंच नव्हतं गं," थोरली म्हणाली.

धाकटीचे खांदे गदागदा हलायला लागले. रडतेय की काय म्हणून थोरली घाबरली, पण ती हसत होती. अगदी बिनआवाजी, तोंडावर दोन्ही हात दाबून, डोळ्यांतून पाणी वाहत. "मॅडम, हसायचं नाही," रेकॉर्डिस्ट कळवळून म्हणाला. "घसा, मॅडम." त्यानं तसं म्हटल्यावर तिला जास्तच हसू फुटलं. तेव्हा थोरलीनं जबाबदारी घेतली. आवाज काय, एकच तर होता. दोघींच्या वाटणीचं ती एकटी हसली, मोठ्यांदा, खुर्चीतून घसरेपर्यंत, आणि शेवटी शेवटी दोघींच्या वाटणीचं रडलीही.

उरलेली वाक्यं त्या दिवसात झाली. धाकटी हात हलवायची, थोरली बोलायची, लॅम्प जळत असायचा. कंपनीच्या माणसानं ऐकून कळवलं की मॅडमचा आवाज अगदी पूर्वीसारखा परत आलेला बघून आनंद वाटला. त्यांना आधी सगळं सांगितलेलं असूनही. भाचीनं त्यांना पुन्हा समजावलं, तेव्हा त्यांनी दोघींनाही पुढचं काम देऊ केलं, एकीनं म्हणायचं आणि दुसरीनं म्हणवून घ्यायचं. थोरलीनं आपल्या कामावर लिफ्टनं जायला सुरुवात केली. गुडघ्यांनी आभार मानले, पण लिफ्टमध्ये ती काही बोलायची नाही, नुसती ऐकायची. आता त्यातल्या आवाजाची तिला धास्ती नव्हती. धास्ती होती ती खऱ्या आवाजाची, जो अजून आलेला नव्हता.

एका सकाळी भाचीचा फोन आला. डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली होती. "पण मावशी, आई अजून एक अक्षर बोललेली नाही. डॉक्टर म्हणाले, आ करा, बोलून दाखवा. तिनं पाटीवर लिहिलं, आत्ता नाही. त्यांना वाटतंय आवाजाचा पडदा गेला. मला तर रडूच येतंय."

थोरलीनं तो दिवस कसाबसा काढला. दोन कवळ्यांत दात उलटे बसवले आणि पुन्हा काढले. संध्याकाळी घरी आली, भाजी निवडायला घेतली, अर्धी कचऱ्यात टाकली. नवरा वर्तमानपत्राआडून तिच्याकडे बघत होता आणि पानं न वाचताच उलटत होता.

तेवढ्यात कुणीतरी दार वाजवलं. बाहेरून आवाज आला, घोगरा, फाटलेला, जुन्या बिजागरीसारखा.

"दार उघड."

"कोण आहे?" नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली घेतलं. "कुणीतरी अनोळखी बाई दिसतेय."

पण थोरलीला तो आवाज ऐकताक्षणी ओळखू आला होता. तो तिचा नव्हता, लिफ्टचा नव्हता, बँकेचा तर नव्हताच. आईचा सूर मात्र शेवटाकडे तसाच खाली उतरत होता. जन्मात पहिल्यांदा दोघींचे आवाज वेगळे झाले होते, आणि पहिल्यांदाच दाराच्या पलीकडे खरोखर कोण आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली. हातातली भाजी तशीच टाकून ती धावली, आणि घाईघाईत आपल्याच घराचं दार दोन्ही हातांनी ढकलायला लागली.

"ओढ," बाहेरून धाकटी म्हणाली.

थोरलीनं दार ओढलं.